सहा यंत्रं, प्रो एकालाच : मोंढ्यातल्या एका आडत पेढीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका मोंढ्यातली ही आडत पेढी. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजची साधी ‘होम’ आवृत्ती घ्यायची की जास्त सोयींची, महाग ‘प्रो’, याचं हे प्रकरण. पेढीचं नाव आणि माणसांची ओळख मी गाळली आहे. मालकांना सगळा मोंढा आप्पा म्हणतो, मीही तेच म्हणतो. त्यांचे मुनीम म्हणजे मामा, साठी ओलांडलेले. त्यांनी आधी लाल वहीत लिहिलं, मग टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये. जीएसटीचं काम बघणाऱ्या ताई वेगळ्या. आप्पांचा मुलगा पुण्यात नोकरीला, पण रात्री घरी आल्यावर पेढीचा हिशेब बघितल्याशिवाय त्याला झोप नाही. मी या पेढीचे कॉम्प्युटर बऱ्याच वर्षांपासून सांभाळतो.

पेढीत सहा यंत्रं होती. मामांच्या टेबलावरचा मुख्य पीसी, टॅलीचा सगळा डेटा याच्यावर. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, काढायला दोन पीसी. काट्याच्या खोलीतला एक जुना डबा, वजनाच्या डिस्प्लेला सिरियल केबलनं जोडलेला. आप्पांचा लॅपटॉप, ताईंचा लॅपटॉप. काट्यावर वजन होतं, सौद्याचा भाव मामांकडे येतो, पट्टी निघते आणि पट्टीवरून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जातात. यातलं एक अडलं की दारात ट्रॅक्टरची रांग लागते.

अडचण कशी समोर आली

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे मायक्रोसॉफ्टनं बरंच आधी सांगितलेलं होतं. त्यानंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते, आणि पेढीचे चारही डेस्कटॉप याच विंडोजवर होते. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधली सोयाबीनची आवक. त्या दिवसांत पेढीत यंत्राला हात लावायची सोय नसते. म्हणजे जे करायचं ते दसऱ्याच्या आत, आणि २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता.

जुलैत एका विक्रेत्यानं आप्पांना कोटेशन दिलं: चार नवे डेस्कटॉप, चारही विंडोज ११ प्रोसह, आणि दोन्ही लॅपटॉप होमवरून प्रोवर. कारण दिलं होतं एका ओळीत, ‘धंद्यासाठी प्रोच लागतं.’ कोटेशन माझ्यापुढे सरकवत आप्पा म्हणाले, "फरक काही हजाराचाच पडायलाय म्हणे एका मशीनमागं. मग सगळ्यालाच प्रो टाकू की. घोळ नको. आन् प्रो लई पळतंय का ओ?"

पळत नाही. होम आणि प्रो यांचा गाभा एकच आहे. त्याच प्रोसेसरवर, त्याच रॅमवर दोन्ही सारखीच चालतात. प्रो दोन प्रोसेसर आणि २ टीबीपर्यंत रॅम वापरू शकतं, होम एक प्रोसेसर आणि १२८ जीबीपर्यंत. पेढीच्या पीसीत ८ जीबी असते, तिथं या आकड्यांचा काही संबंध येत नाही. प्रोमध्ये जास्तीचं असतं ते वेगळं: बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावायच्या सोयीचा) पूर्ण ताबा, आपल्या यंत्रावर बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं येऊ देणं, ग्रुप पॉलिसी (यंत्राला नियम घालून देणं), कंपनीच्या डोमेनला, म्हणजे मध्यवर्ती जाळ्याला, जोडणं, हायपर-व्ही (यंत्राच्या आत दुसरं आभासी यंत्र चालवणं), अपडेट जास्त दिवस पुढे ढकलणं. यातलं पेढीला काय लागतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी तिथून सुरुवात केली.

आधी परवाने तपासले

आमच्या भागात असेंबल केलेला पीसी घेतला की त्यावर बहुतेक वेळा ‘प्रो’ असतं, आणि पाच-सात वर्षं तो परवाना कुठला हे कुणी बघत नाही. ‘विनव्हर’ ही आज्ञा दिली की आवृत्ती कळते, पण परवाना कुठल्या प्रकारचा ते कळत नाही. त्यासाठी ‘एसएलएमजीआर’ची आज्ञा आहे. चारही डेस्कटॉपवर उत्तर एकच आलं: व्हॉल्यूम, केएमएस.

केएमएस हा एकगठ्ठा (व्हॉल्यूम) परवाना मोठ्या कंपन्यांसाठी, विद्यापीठांसाठी असतो. असं यंत्र आपल्या संस्थेच्या सर्व्हरकडे १८० दिवसांच्या आत हजेरी लावत राहतं, नाही लावली तर सक्रियता जाते. मोंढ्यातल्या पेढीत असा सर्व्हर कुठून येणार? कुणीतरी कधीतरी एक छोटा प्रोग्रॅम बसवला होता, तोच सर्व्हरचं सोंग घेऊन बसला होता. असे प्रोग्रॅम चालवायला अँटिव्हायरसला तो फोल्डर सोडून द्यायला सांगावं लागतं. तसं सांगितलेलं होतं. मुख्य पीसीवर, टॅलीच्या डेटाशेजारी.

हे आप्पांना समजावून सांगणं अवघड गेलं. "म्हंजे आपल्याकडं प्रो नव्हतंच?" नव्हतं. इतकी वर्षं प्रोची पाटी होती, परवाना नव्हता, आणि प्रोमधली एकही सोय कुणी वापरली नव्हती. मला वाटतं निर्णयाची दिशा इथेच बदलली. प्रो काढून होम घ्यायचं, म्हणजे खाली उतरायचं, ही भीती मनातून गेली.

दोन्ही लॅपटॉपवर मात्र विंडोज ११ होम होतं. परवाना यंत्राबरोबर आलेला, मदरबोर्डमध्येच बसवलेला, सच्चा.

कोणते पर्याय होते

सगळीकडे प्रो हा पहिला, कोटेशनमधला. सगळीकडे होम हा दुसरा. तिसरा लिनक्सचा, म्हणजे विंडोजच सोडून द्यायचं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस आहे, उबुंटू आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं आणि काट्याचा प्रोग्रॅमही विंडोजचाच. एका दिवसात हा पर्याय बाजूला ठेवला.

चौथा पर्याय मुलानं फोनवर सांगितला. "काका, ऑनलाइन काही शे रुपयांत प्रोची की मिळतीये, सगळीकडे तीच टाकू." अशा कळा, म्हणजे परवान्याचे क्रमांक, बहुतेक कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्यातल्या किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांच्या असतात. आज चालते, उद्या मायक्रोसॉफ्टनं बंद केली तर दाद मागायला धड बिलही नसतं. ज्या जाळ्यातून बाहेर पडायचं होतं, त्यातच पुन्हा पैसे देऊन शिरायचं. मी स्पष्ट नाही म्हणालो.

पाचवा पर्याय म्हणजे प्रत्येक यंत्राचं काम बघून ठरवायचं. यात वेळ जातो, पण एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. होमवरून प्रोवर कधीही जाता येतं. सेटिंगमधून परवाना घेतला, यंत्र एकदा बंद-चालू झालं की झालं, डेटा जागच्या जागी राहतो. प्रोवरून होमवर यायचं तर विंडोज नव्यानं टाकावं लागतं. म्हणून शंका असेल तिथं होम घ्यायचं आणि अडलं तर वर जायचं, हा नियम आप्पांना लगेच पटला. आडतीच्या धंद्यातला माणूस परत न फिरणारा सौदा ओळखतो.

प्रत्येक कामाला एक प्रश्न

वहीच्या एका पानावर कामं लिहिली आणि प्रत्येकापुढे विचारलं: हे होमवर अडतं का?

तिघांनी एकाच वेळी टॅली वापरणं. विक्रेत्यानं सांगितलं होतं की यासाठी प्रो लागतं. नाही लागत. तो टॅलीच्या परवान्याचा विषय आहे. सिल्व्हर एका यंत्रासाठी, गोल्ड एकाच लॅनवरच्या, म्हणजे एका जागेतल्या नेटवर्कवरच्या, अनेकांसाठी. पेढीकडे गोल्ड होतंच. फोल्डर शेअर करणं होमवरही जमतं, आणि बाहेरून जोडल्या जाणाऱ्या यंत्रांची २० ची मर्यादा दोन्ही आवृत्त्यांना सारखी आहे.

मधेच अपडेट होऊन पीसी बंद पडणं. होमवर अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतात आणि कामाचे तास ठरवता येतात, त्या वेळेत यंत्र आपोआप रीस्टार्ट होत नाही. प्रोवर धोरण लावून दर महिन्याचे अपडेट ३० दिवस आणि मोठे अपडेट ३६५ दिवसांपर्यंत ढकलता येतात. पट्टीच्या पीसीला होमचं पुरेसं होतं.

मुलानं पुण्याहून हिशेब बघणं. इथे होम अडतं. होमवरून दुसऱ्या यंत्रावर रिमोट डेस्कटॉपनं जाता येतं, पण होमवर कुणाला येता येत नाही. पाहुणा होता येतं, यजमान होता येत नाही. ही रीत जुनीच आहे. विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती आपल्यासारख्या देशांसाठीच काढली होती, तीही घरातल्या यंत्रांच्या ‘होमग्रुप’ नावाच्या गटात सामील होऊ शकायची, पण होमग्रुप बनवू शकत नव्हती. तरी मुलाच्या कामाला बाहेरचे रिमोट प्रोग्रॅम आहेतच, ते होमवर चालतात. एवढ्यासाठी मी प्रो घ्या म्हणालो नसतो.

पानावरचं शेवटचं काम मामांच्या पिशवीचं होतं. रोज संध्याकाळी मामा टॅलीचा बॅकअप एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतात आणि ती कापडी पिशवीत घालून स्कूटरवर घरी नेतात. पेढीला आग लागली, चोरी झाली, तरी हिशेब घरी सुरक्षित. सवय सोन्यासारखी आहे. पण त्या डिस्कवर काय असतं? शेकडो शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, आधार आणि पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती, कुणाला किती उचल दिली, कुणाचं किती देणं. पिशवी चहाच्या टपरीवर राहिली तर ज्याला सापडेल त्यानं यूएसबीला लावायचा अवकाश. गावातल्या माणसाची उचल हा त्याच्या घरातला विषय असतो. तो दुसऱ्याच्या हाती जाणं मला पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठं वाटलं.

अशी डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद करता येते, पण ते कुलूप घालायला प्रो लागतं. उघडायला मात्र होम चालतं, पासवर्ड घातला की झालं. म्हणजे पेढीत एका जागी प्रो असलं तरी पुरतं. मामांच्या पीसीवर डिस्क कुलूपबंद होणार आणि गरज पडली तर बाकी कुठल्याही होमवर उघडणार. प्रो कशाला हवं याचं उत्तर त्या कापडी पिशवीत होतं.

ताईंचा लॅपटॉप

हे ठरत असतानाच सप्टेंबरात एक प्रसंग घडला. आप्पांच्या खरेदीच्या फर्मचं जीएसटी विवरण ११ तारखेच्या आत जायचं होतं. ९ तारखेला सकाळी ताईंनी लॅपटॉप सुरू केला, तर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. आदल्या दिवशी बायोसचं (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं) अपडेट आलं होतं, तेवढं निमित्त पुरलं.

ताई म्हणाल्या, "सर, मी तर कुलूप लावलंच नाही कधी." खरं होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बहुतेक नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपोआप चालू होतं, होमवरसुद्धा, आणि त्याची की त्या खात्यात जाऊन बसते. प्रश्न होता खातं कुणाचं. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं स्वतःच्याच खात्यानं सुरू करून दिला होता. ताईंना फक्त चार आकडी पिन माहीत होता. पोरगा दुकान सोडून गेला होता.

दीड दिवस फोनाफोनीत गेला. पोरगा सापडला, त्यानं आपलं खातं उघडून आकडे वाचले आणि ताईंनी सहा-सहाच्या गटानं ते टाइप केले. चौथ्या गटात एक आकडा चुकला, तो पुन्हा टाकला. १० तारखेला संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि विवरण वेळेत गेलं. तो भेटला नसता तर आतलं काहीच परत मिळालं नसतं. मीही काही करू शकलो नसतो.

या प्रसंगानं माझं मत पक्कं केलं. मामांच्या पीसीचं कुलूप कुणाच्या तरी ऑनलाइन खात्याला बांधायचं नाही. होमवर डिव्हाइस एन्क्रिप्शनला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. प्रोवर साध्या स्थानिक खात्यानं बिटलॉकर लावता येतं आणि की कागदावर छापून आपल्याकडे ठेवता येते. पिशवीनंतर प्रोचं हे दुसरं कारण.

काय केलं

तीन नवे डेस्कटॉप घेतले. मामांचा प्रोसह, पट्टीचे दोन होमसह, तिन्ही बिलासहित. लॅपटॉप होमवरच राहिले. ताईंचा लॅपटॉप त्यांच्या स्वतःच्या खात्यावर आणला, आप्पांच्या लॅपटॉपचंही खातं तपासलं.

काट्याचा डबा बदलला नाही. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती, आणि नव्या यंत्रावर सिरियल पोर्टशी झटापट सोयाबीनच्या तोंडावर करायची नव्हती. त्याची नेटवर्कची केबल काढली. तो वजन घेतो आणि काटापावती छापतो, पावतीवरून पट्टी होते. इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही. पैसे देऊन विंडोज १० चे अपडेट पुढे चालू ठेवायची सोय होती, पण ज्याला जाळ्याशी जोडायचंच नाही त्याच्यासाठी ते पैसे मी घालू दिले नाहीत.

पाच यंत्रांच्या प्रोचे जे पैसे वाचले त्यातून प्रत्येक डेस्कटॉपला यूपीएस आला आणि बॅकअपसाठी दोन डिस्का, एक दिवसाआड बदलायला. आमच्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. गेल्या पाच वर्षांत या पेढीचा टॅली डेटा दोनदा बिघडला, दोन्ही वेळा लाईट गेल्यानं.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात पावसानं हाहाकार केला. नद्या शेतांत शिरल्या, कापलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मोंढ्यातली आवक लांबली. आम्हाला जास्तीचे काही दिवस मिळाले. असे दिवस कुणाला नको होते.

काय झालं

पट्टीचे पीसी पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालले. होम आहे का प्रो, हे पट्टी काढणाऱ्या पोरांना आजही ठाऊक नाही.

गडबड झाली ती प्रोवर, आणि चूक माझी होती. मामांच्या पीसीवर प्रो आलंच आहे, तर मुलासाठी रिमोट डेस्कटॉपही चालू करून दिलं. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ चं पोर्ट इंटरनेटला उघडलं नाही, व्हीपीएनमधूनच, म्हणजे बंदिस्त खासगी वाटेनंच, येण्याची सोय केली, तेवढं नीट केलं. पण एक सांगायचं राहिलं. प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, समोरचा किंवा लांबचा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, मामा एका शेतकऱ्याच्या ओल्या मालाची पट्टी करत होते. पुण्याहून मुलानं सहज म्हणून जोडलं. मामांचा पडदा एकदम कुलूपबंद झाला. मामांनी पासवर्ड टाकला, तिकडे मुलगा बाहेर फेकला गेला. त्यानं परत जोडलं, इकडे पडदा परत गेला. तीन वेळा असं झाल्यावर मामांनी मला फोन केला, "ओ सर, मशीनमधी कोन तरी बसलंय, मला हुसकायलंय." समोरचा शेतकरी पट्टीची वाट बघत अर्धा तास उभा होता. आधीच पावसानं भिजलेलं त्याचं सोयाबीन, भाव पडलेला, आणि वरून हे.

डेटा गेला नाही. टॅलीची नोंद जशीच्या तशी पडद्यामागे उघडी होती. त्या दिवसापासून मुलगा रात्री नऊनंतरच जोडतो, आणि तो नियम मामांच्या मॉनिटरखाली चिकटवलेला आहे. एका यंत्रावर अनेकांना एकाच वेळी बसवायची जुगाडी पॅचेस मिळतात. मुलानं विचारलं होतं. ती परवान्याच्या अटीत बसत नाहीत आणि एका अपडेटनं मोडतात, म्हणून नकोच म्हणालो.

बिटलॉकरच्या कीच्या दोन प्रती छापल्या. एक प्रत आप्पांच्या घरच्या कपाटात, दुसरी पेढीच्या तिजोरीत. लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडली तेव्हा आप्पांनी पेढीतला तो कागद वहीच्या पहिल्या पानात ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलं. त्यांनी काहीच म्हटलं नाही, मीही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

परवान्यांची तपासणी मी पाच-सहा वर्षांपूर्वी करायला हवी होती. यंत्र दुरुस्त करायला शेकडो वेळा गेलो, पण ही आज्ञा एकदाही दिली नाही. टॅलीच्या डेटाशेजारी सोडून दिलेला तो फोल्डर माझ्या डोळ्यांसमोर होता.

ताईंच्या लॅपटॉपचं खातं विकत घेतल्याच्या दिवशीच बघायला हवं होतं. आता कुठलाही नवा लॅपटॉप आला की मी आधी खातं कुणाचं ते बघतो, मग की छापून घेतो, मग बाकीचं.

रिमोट डेस्कटॉपबद्दल मुलाला आणि मामांना शेजारी बसवून एकदा करून दाखवायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. तेवढं केलं असतं तर तो शेतकरी ताटकळला नसता.

एका मुद्द्यावर माझंच माझ्याशी अजून एकमत नाही. मुलासाठी बाहेरचा रिमोट प्रोग्रॅम ठेवला असता तर मामांचा पडदा बंद झाला नसता, दोघांना एकच पडदा दिसला असता. हिशेब समजावून सांगताना ते बरंच. पण तेव्हा मामांच्या पीसीवर आणखी एक खिडकी कायम उघडी राहिली असती, आणि मामा कुणी फोन करून त्या प्रोग्रॅमचा नंबर विचारला तर सांगून टाकणारे आहेत. म्हणून आहे तेच चालू ठेवलंय.

काट्याचा डबा उरलाय. त्याची हार्ड डिस्क जुनी आहे, आवाज करायला लागली आहे. तुरीची आवक ओसरली की हरभऱ्याच्या आधी दोन-तीन दिवस मोकळे मिळतील. यूएसबीची सिरियल केबल आणून ठेवली आहे, नवं यंत्र होमचंच घ्यायचं ठरलंय. त्याच दिवशी मामांच्या पिशवीतली डिस्क ताईंच्या लॅपटॉपला लावून, पासवर्ड घालून, पूर्ण टॅली डेटा परत उभा करून बघायचा आहे.